बशीतील दिग्विजय

‘अमुक वनस्पतीच्या पानांचा अर्क कर्करोगावर प्रभावी, स्थानिक प्राध्यापकांचे यशस्वी संशोधन’ अशा मथळ्याची वार्ता वर्षाकाठी चार-सहा वेळा तरी आपल्या जिल्हावार वृत्तपत्रांतून झळकते. वार्तेसोबत छायाचित्र असते: पांढरा अंगरखा चढविलेले दोन अध्यापक, हाती चंबू धरलेली एक विद्यार्थिनी, मागे प्राचार्य व संस्थेचे एक पदाधिकारी. वनस्पती कधी निर्गुडी असते, कधी रुई, कधी सीताफळ, कधी घाणेरी. गाव कधी विदर्भातले असते, कधी खानदेशातले, कधी आमच्या मनमाडाच्या आसपासचे. बाकी मजकूर इतका सारखा असतो की, वनस्पतीचे नाव तेवढे बदलून गतवर्षीचीच वार्ता पुन्हा छापली तरी कोणाच्या ध्यानात येऊ नये. इतक्या वेळा जिंकला गेलेला हा रोग अद्याप जिवंत कसा, हा प्रश्न मात्र वार्ता देणाऱ्यासही पडत नाही आणि वाचणाऱ्यासही पडत नाही.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. वनस्पतींचे औषधी गुण तपासू नयेत असे म्हणणारा मनुष्य एक तर अडाणी असला पाहिजे किंवा औषधांच्या इतिहासाशी त्याचा परिचय नसला पाहिजे. माझा आक्षेप त्या तपासणीस नाही. प्रयोगशाळेतील बशीत कर्कपेशी मेल्या, ही गोष्ट एका लांबलचक चौकशीची पहिली पायरी होय. आपली महाविद्यालये तिलाच अखेरची पायरी समजून तेथे मुक्काम ठोकतात, तिच्यावर पदव्या आणि पदोन्नत्या मिळवितात, आणि पुढे त्या अर्धवट उत्तरावर श्रद्धा ठेवून एखादा रोगी हातचा उपचार सोडून देतो. माझा आक्षेप आहे तो ह्या मुक्कामास आणि त्यातून होणाऱ्या घातास.

हा प्रयोग असतो तरी कसा, हे प्रथम पाहू. पाने तोडावयाची, सावलीत वाळवावयाची, त्यांची भुकटी करून ती मिथेनॉल, अ‍ॅसिटोन अथवा पाण्यात उकळत वा भिजत ठेवावयाची, आणि द्रव उडवून लावून खाली राहिलेला चिकट, काळपट हिरवा अर्क घ्यावयाचा. शहाण्णव बारीक खळग्यांची एक प्लॅस्टिकची पाटी असते. तिच्या प्रत्येक खळग्यात पोषक द्रवात वाढविलेल्या काही हजार कर्कपेशी घालतात. त्यांवर निरनिराळ्या प्रमाणात अर्क सोडून पाटी शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत दोन-तीन दिवस ठेवतात. मग एक रंगद्रव्य घालून रंग किती गडद झाला हे यंत्राने मोजतात. एका प्रसिद्ध पद्धतीत, जी १९८३ साली प्रसिद्ध झाली, जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात. १९९० सालच्या दुसऱ्या पद्धतीत खळग्याच्या तळाशी चिकटून राहिलेल्या पेशींतील प्रथिने गुलाबी रंगात रंगवितात. रंग फिका, म्हणजे पेशी कमी. पेशी कमी, म्हणजे अर्काचा जय. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पेशी मिळतात, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनसंस्थेने बाहेरून आलेले अर्क तपासून देण्याची सोय केलेली आहे. यात गैर काहीच नाही. उलट एवढी सोय आपल्या प्रांतात व्हावी हे भूषणच होय.

आता ह्या पेशी कोणाच्या असतात ते पाहा. सर्वांत प्रसिद्ध असा जो ‘हेला’ नावाचा पेशीवंश, तो १९५१ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता घेतला गेला. ती बाई त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या पेशी अद्याप जगभर वाढत आहेत. स्तनाच्या कर्करोगासाठी जो वंश बहुधा वापरतात, तो १९७० साली अमेरिकेतील एका जोगिणीच्या शरीरातून मिळालेल्या पेशींपासून वाढविला गेला. दशकानुदशके प्लॅस्टिकवर वाढलेल्या ह्या पेशींस रक्तवाहिनी नाही, यकृत नाही, मूत्रपिंड नाही, रोगाशी झुंजणारे शरीर भोवती नाही. इतकेच काय, एक पेशीवंश वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाचा म्हणून वापरला गेला आणि पुढे तो त्वचेच्या कर्करोगाचा निघाला! अशा पेशींवर जे घडले ते येवल्याच्या वा नांदगावच्या एखाद्या बाईच्या शरीरात घडेलच, असे मानण्यास फार मोठी उडी घ्यावी लागते. ती उडी घेण्यापूर्वी मधली दरी किती रुंद आहे हे मोजणे शास्त्रज्ञाचे कर्तव्य आहे.

ह्या दरीचे माप साध्या त्रैराशिकाने कळण्यासारखे आहे. कच्चा अर्क प्रति मिलिलिटर २० मायक्रोग्रॅम वा त्याहून कमी प्रमाणात पेशींची वाढ निम्म्यावर आणीत असेल, तरच तो पुढे तपासण्याजोगा समजावा, असा ह्या क्षेत्रातील रूढ दंडक आहे. शुद्ध पदार्थास तो १० मायक्रोग्रॅमचा आहे. आपल्याकडील निबंधांत मात्र २००, ३००, कधी ५०० मायक्रोग्रॅमला पेशी निम्म्या झाल्या की ‘लक्षणीय कर्करोगविरोधी क्रिया’ असे शब्द बिनदिक्कत पडतात. समजा, आकडा २०० आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ४० लिटर पाणी असते. त्या सर्वांत हे प्रमाण साधावयाचे तर ८ ग्रॅम अर्क एकाच वेळी अंगात भिनलेला पाहिजे. अर्क सुक्या पानांच्या दशांश निघतो असे धरले तर त्यास ८० ग्रॅम सुकी पाने लागतील. ती सर्वच्या सर्व पचून रक्तात उतरावीत, यकृताने त्यांतले काही मोडू नये, मूत्रपिंडाने काही बाहेर टाकू नये, आणि ही स्थिती अहोरात्र टिकावी! हे गणित इयत्ता सातवीतील मुलगा करील. एम्. एस्सी.च्या प्रबंधात ते का आढळत नाही, याचे उत्तर मार्गदर्शकांनी द्यावयाचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कर्कपेशी मारणे हे मुळीच अवघड नाही. फिनेल त्यांना मारते, मोरचूद मारतो, मिठाचे पाणी पुरेसे खारट केले तर तेही मारते. अवघड आहे ते कर्कपेशी मारून शेजारची निरोगी पेशी राखणे. कर्करोगाच्या औषधाचा सारा प्रश्न ह्या एका वाक्यात सामावलेला आहे. म्हणून कर्कपेशींच्या पाटीशेजारी निरोगी पेशींची पाटी ठेवून तोच अर्क तिच्यावरही घातला पाहिजे. ही दुसरी पाटी कितीतरी निबंधांत नसतेच. आणि ज्यांत रंगाची पहिली पद्धत वापरलेली असते त्यांत आणखी एक गोम असते. वनस्पतींच्या अर्कांत असलेले कित्येक पदार्थ पेशींच्या मदतीवाचूनच त्या रंगद्रव्याचा रंग पालटतात. पेशीविरहित खळग्यात अर्क घालून ताळा पाहिल्याशिवाय हा आकडा वाचणे म्हणजे वजनकाट्यावर अंगठा ठेवून धान्य मोजणे होय.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकावयास हवे, कारण ते वजनदार आहे. ‘आपल्या अंगणातील सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध निघाले की नाही? सह्याद्रीतील नरक्यापासून निघाले की नाही? मग आमच्या पानांतून का निघू नये?’ असा त्यांचा सवाल असतो. उदाहरणे खरी आहेत. म्हणूनच ती पुरतेपणी सांगितली पाहिजेत, कारण ती ज्यांच्या बाजूने पुढे केली जातात त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतात.

सदाफुली मूळची मादागास्कर बेटातील. तिच्या पानांचा काढा मधुमेहावर चालतो अशी जमैका बेटात समजूत होती. १९५२ साली ती पाने कॅनडातील संशोधक रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. त्यांनी अर्क उंदरांस देऊन पाहिला, तो रक्तातील साखरेवर त्याचा काहीच परिणाम दिसेना. मधुमेहावरचा दावा टिकला नाही, हे त्यांनी निमूटपणे मान्य केले. परंतु अर्क टोचलेल्या उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत होत्या, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. पांढऱ्या पेशी कमी करणारा पदार्थ, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढविणाऱ्या रोगावर चालेल काय? ह्या प्रश्नाच्या मागे लागून त्यांनी व चार्ल्स बीर यांनी व्हिन्ब्लास्टीन हा शुद्ध पदार्थ वेगळा काढला आणि १९५८ साली तो जाहीर केला. त्याचा भाऊबंद व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तो आजही प्राण वाचवितो. पानांत हा पदार्थ इतका अल्प असतो की, एक ग्रॅम मिळविण्यास शेकडो किलो सुकी पाने लागतात. तेव्हा सदाफुलीची चार पाने चावून कर्करोग बरा होईल असे समजणे म्हणजे समुद्रात मीठ आहे म्हणून नदीच्या पाण्यात डाळ शिजवून ती खारट लागण्याची वाट पाहणे आहे.

नरक्याची कथा तर आपल्या घरचीच म्हणावी लागेल. खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले मनसुख वाणी हे मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून पुढे अमेरिकेस गेले. तेथे मनरो वॉल यांच्यासमवेत त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन नावाचा पदार्थ शुद्ध करून १९६६ साली त्याची रचना सांगितली. १९७१ साली ह्याच जोडीने यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना उलगडली. कर्करोगावरील दोन थोर औषधांच्या मुळाशी नंदुरबारच्या ह्या पुत्राचे हात आहेत, आणि आपल्या शाळांतील किती मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे हे विचारण्याची सोय नाही! १९७२ साली मुंबईस गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनी तोच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात, मूळ चिनी वृक्षाहून अधिक प्रमाणात असल्याचे दाखविले.

परंतु यापुढे काय झाले? कॅम्प्टोथेसिन रुग्णांस देऊन पाहिला तेव्हा त्याने मूत्राशयास रक्तस्राव होईपर्यंत इजा केली, आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभीच त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. बशीत यशस्वी, उंदरात यशस्वी, मनुष्यात अयशस्वी! तो पेशींतील नेमक्या कोणत्या यंत्रणेवर घाव घालतो, हे १९८५ साली उमगले. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत फेरफार करून टोपोटेकन व इरिनोटेकन ही औषधे सिद्ध केली. अमेरिकेत ती १९९६ साली मान्य झाली. रचना कळल्यापासून औषध हाती येईपर्यंत तीस वर्षे! टॅक्सॉलची साल १९६२ साली गोळा केली गेली, औषधास मान्यता १९९२ साली मिळाली. पुन्हा तीस वर्षे. आणि ह्या यशाची किंमत आपल्या सह्याद्रीतील नरक्याने मोजली. मागणी वाढताच त्याच्या खोडांची व मुळांची चोरटी तोड सुरू झाली, आणि जे झाड कोणी ढुंकून पाहत नव्हते ते रानातून दिसेनासे होऊ लागले. ‘पानांत औषध आहे’ ही घोषणा वनस्पतीसही नेहमी मानवतेच असे नाही.

किती झाडांमागे एक औषध मिळते, याचाही हिशेब उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून सुमारे वीस वर्षांत ३५,००० जातींच्या वनस्पतींचे १,१४,००० अर्क तपासले. एवढ्या प्रचंड खटाटोपातून रुग्णाच्या उशाशी पोहोचलेली ठळक औषधे म्हणजे टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनचे हे वंशज. बशीत व प्राण्यांत आशा दाखविणारे अर्क पुष्कळ होते. ते एकामागून एक गळाले. आपल्याकडे मात्र तपासलेला प्रत्येक अर्क उत्तीर्ण होतो. ज्या परीक्षेत कोणीच नापास होत नाही त्या परीक्षेस परीक्षा म्हणावे काय, हे अध्यापकांना तरी सांगावयास नको.

बशीतील आकडा बाहेर पडला की त्याचे काय होते, याचा उत्तम मासला म्हणजे लक्ष्मणफळ. सीताफळ-रामफळाच्या कुळातील हे फळ ‘केमोथेरपीपेक्षा दहा हजारपट प्रभावी’ आहे, असा संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि सुशिक्षित घरांतूनही तो भक्तिभावाने पुढे धाडला जातो. हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही, ही त्यातील मौजेची गोष्ट आहे. १९९६ सालच्या एका अमेरिकी निबंधात तो खरोखर आहे. पण तेथे गोष्ट फळाची नव्हती, पानांचीही नव्हती. ती होती बियांतून निघालेल्या एका शुद्ध पदार्थाची. आणि त्याची तुलना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका पेशीवंशावर, बशीत, एका औषधाशी केलेली होती. बी गेले, शुद्ध पदार्थ गेला, बशी गेली. उरले फळ आणि दहा हजार. ह्याच कुळातील द्रव्ये मज्जातंतूंना विषारी असल्याचा दाट संशय आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर हे फळ व त्याच्या पानांचा काढा सदैव घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा विकार अधिक आढळतो, असे १९९९ साली तेथील डॉक्टरांनी नोंदविले. ही दुसरी वार्ता कोणी कोणास पुढे धाडल्याचे ऐकिवात नाही.

ह्या प्रयोगांस आयुर्वेदाच्या अभिमानाचे कवच घालण्याची एक चाल आहे. तिचाही समाचार घेतला पाहिजे. अ‍ॅसिटोनमध्ये भिजविलेला पाला परदेशी स्त्रीच्या पेशींवर ओतण्यात आयुर्वेद कोठे आला? वैद्य रोग्याची प्रकृती पाहतो, काळ पाहतो, अनुपान ठरवितो, संस्कार करून द्रव्य देतो. ह्यांपैकी एकही गोष्ट त्या पाटीत नाही. पूर्वजांचे नाव घ्यावयाचे आणि त्यांची पद्धत टाकावयाची, पश्चिमेचे यंत्र घ्यावयाचे आणि तिची शिस्त टाकावयाची, असा हा दुहेरी अनाचार आहे. परंपरेतील औषध शास्त्राने कसे तपासावे याचा आदर्श मुंबईतच घालून दिलेला आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे डॉ. रुस्तम जल वकील यांनी खऱ्या रुग्णांवर, त्यांचा रक्तदाब आठवडेच्या आठवडे मोजून पाहिले आणि १९४९ साली इंग्लंडातील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाने सर्पगंधा मान्य केली ती त्या मोजमापामुळे. तिचे वय पाहून नव्हे.

मग आपले प्राध्यापक ह्या वाटेस का जातात? ते लबाड आहेत म्हणून, असे मी म्हणणार नाही; बहुतेक कष्टाळू आहेत आणि अपुऱ्या साधनांत काम करीत आहेत. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांनी पदोन्नतीसाठी निबंधांस गुण लावले, आणि महाविद्यालयांतून निबंधांचे पीक आले. पाने फुकट मिळतात, प्रयोग दोन-तीन महिन्यांत उरकतो, ‘कर्करोग’ हा शब्द मथळ्यात घातला की वजन येते, आणि वनस्पती बदलली की नवा निबंध होतो. छापणारी नियतकालिकेही दाराशी हजर झाली. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली, आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांची नमुन्यादाखल छाननी केली, तेव्हा शेकडा ८८हून अधिक कसोटीस उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. ही छाननी करणारे पटवर्धन स्वतः आयुर्वेद व आधुनिक विज्ञान यांची सांगड घालण्यात हयात घालविलेले गृहस्थ आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गुणांचे नियम पुढे बदलले. लागलेली सवय बदलली नाही.

यात कोणाचे काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. पहिल्याने विद्यार्थ्याचे बिघडते. वीस-बावीस वर्षांच्या मुलीस आपण असे शिकवितो की प्रयोग म्हणजे अपेक्षित उत्तर मिळविण्याचा विधी. शंका घेणे, ताळा पाहणे, अपयश नोंदविणे हे शास्त्राचे मर्म तिच्या दृष्टीसही पडत नाही.

आणि दुसऱ्याने, व अधिक भयंकर रीतीने, रोग्याचे बिघडते. मनमाड हे जंक्शन आहे; सकाळी मुंबईस निघणाऱ्या पंचवटी गाडीत हातात तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन दादरला उतरून परळ गाठणारी माणसे येथल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. रजा, भाडे, धर्मशाळा, केस गळणे, ओकाऱ्या, ह्या सर्वांनी टेकीस आलेल्या अशा कुटुंबास कोणी छापील कात्रण दाखविते: ‘हे पाहा, प्राध्यापकांनी सिद्ध केले आहे, आणि साइड इफेक्ट काही नाही.’ कात्रणातील ‘प्राध्यापक’ ह्या शब्दास वजन असते. आपल्या पदवीचे वजन कोणाच्या पारड्यात पडत आहे, याचा विचार आपण केला आहे काय? येल विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरे होण्याजोग्या अवस्थेत असूनही प्रचलित उपचार टाळून केवळ पर्यायी उपचार पत्करणाऱ्या कर्करुग्णांत मृत्यूचा धोका अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटीहून अधिक होता. ह्या आकड्यांतील प्रत्येक एकक म्हणजे कोणाची तरी आई आहे.

‘उपचार सोडू नका, जोडीला काढा घ्या’ हा मध्यम मार्गही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. इरिनोटेकन घेणाऱ्या रुग्णांस सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातील लोकप्रिय वनौषधी सोबत दिली, तेव्हा औषधाच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घसरले, असे नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २००२ साली दाखविले. वनस्पतीपासून काढलेले औषध दुसऱ्या वनस्पतीने निकामी केले! जिच्या अंगी गुण आहे तिच्या अंगी अवगुणही असणारच. ज्यात दोष मुळीच नाही असे सांगतात त्यात बहुधा गुणही नसतो. आपल्या कायद्यास ही गोष्ट १९५४ सालीच समजली होती. त्या वर्षीच्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या अधिनियमाने ज्या रोगांवरील उपचाराची जाहिरात करण्यास मनाई केली, त्यांत कर्करोग आहे. भोंदूस जे करण्यास बंदी आहे ते प्रयोगशाळेचा अंगरखा घातल्याने शोभिवंत होत नाही.

घरगुती, स्वस्त द्रव्याने कर्करोगाशी झुंजता येते काय? येते, आणि ते महाराष्ट्रातच सिद्ध झालेले आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री व सहकाऱ्यांनी १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी चालविली. त्यांतील निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखास सौम्य व्हिनेगर लावून, जेथे डाग पांढरा पडेल तेथे पुढील तपास करावयाचा, एवढीच युक्ती. हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या दहावी झालेल्या बायकांनी केले. बारा वर्षांनी पाहता तपासलेल्या स्त्रियांत ह्या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या रुग्णालयाच्या साह्याने १,३१,७४६ खेडूत स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने, रोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकच तपासणी मृत्यू जवळजवळ निम्मे करते, असे २००९ साली जगास दाखविले. लोणच्यात घालावयाचा पदार्थ आणि बार्शीसारखे तालुक्याचे गाव! साधने साधीच होती. पण मोजली गेली ती पेशींची नव्हे, माणसांची मरणे, आणि ती मोजण्यास दहा-बारा वर्षे धीर धरला गेला. त्या मोजणीमुळे हे काम जगन्मान्य झाले.

मनमाडासारख्या गावातील महाविद्यालयाने मग काय करावे? पेशींवरील तपासणी करावयाचीच तर ती पुरी करावी: निरोगी पेशींची पाटी शेजारी ठेवावी, माहीत असलेल्या औषधाचा आकडा आपल्या आकड्याशेजारी छापावा, दंडकापेक्षा अधिक मात्रा लागली तर ‘निष्फळ’ असे स्वच्छ लिहावे, आणि निष्फळ निबंधासही सफळाइतकेच गुण विद्यापीठाने द्यावेत. झाडाचा वाळविलेला नमुना नाव, स्थळ व तारखेसह जपून ठेवावा, म्हणजे उद्या कोणास तोच प्रयोग पुन्हा करता येईल. मथळ्यातून ‘कर्करोगविरोधी’ हा शब्द काढून ‘पेशींस विषारी’ हा शब्द घालावा. तो कमी आकर्षक आहे, पण खरा आहे. याहून उपयुक्त अशी कामे तर दाराशी पडलेली आहेत. अंकाई-टंकाईच्या डोंगरउतारावर कोणकोणत्या वनस्पती आहेत, त्यांतील कोणत्या दरवर्षी कमी होत आहेत, आणि म्हातारी माणसे त्यांचा उपयोग कसा सांगतात, याची काळजीपूर्वक नोंद करणे हे वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विभागास शक्य आहे. तंबाखू, मिश्री आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा आपल्याच विद्यार्थ्यांच्या घरी किती खाल्ला जातो, हे मोजण्यास तर ऊबपेटीही लागत नाही. तोंडाच्या कर्करोगाचे कारण खिशातल्या पुडीत असताना त्याचे औषध डोंगरावरच्या पानात शोधीत फिरणे, हा कसला पुरुषार्थ?

वृत्तपत्रांच्या संपादकांसही एक विनंती आहे. अशी वार्ता हाती आली की त्यांनी तीनच प्रश्न विचारावेत: हे बशीत घडले, प्राण्यात घडले की माणसात? निरोगी पेशींचे काय झाले? आणि मात्रा किती लागली? तिन्ही उत्तरे वार्तेत छापावीत. तेवढ्याने ह्यांतील बहुतेक वार्ता आपोआप दुसऱ्या पानावरच्या चार ओळींत मावतील. आणि ज्या घरी कर्करोगाने पाऊल टाकले आहे त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी, कोणी असे कात्रण पुढे केले तर रागावू नये. देणारा बहुधा प्रेमानेच देत असतो. कात्रण घ्यावे, घडी करून पिशवीत ठेवावे, परळच्या डॉक्टरांस दाखवून त्यांचे मत विचारावे, आणि ठरलेल्या तारखेस गाडी मात्र चुकवू नये.